टॉवर बंद पडण्याआधी काय सांगतो? टेलिकॉम उपकरणांवरचे हार्डवेअर अलार्म

मोबाईलची रेंज गेली की आपण काय करतो? फोन वर धरतो, एअरप्लेन मोड चालू-बंद करतो, सिम काढून परत घालतो आणि शेवटी तक्रार करायला शेजारच्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन मागतो. पण गंमत अशी की ज्या टॉवरमुळे रेंज गेली, त्याने बहुतेक वेळा बरंच आधी कुठेतरी कळवलेलं असतं की माझं काही खरं नाही. हे कळवणं म्हणजे हार्डवेअर अलार्म.

मी यवतमाळ जिल्ह्यात टॉवर आणि ट्रान्समिशनच्या देखभालीचं काम बरीच वर्षं केलं. सोळा तालुके, एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड, आणि मधे घाट, जंगल, कापसाची शेतं. आमच्या कामाची सुरुवात रोज अलार्मनेच व्हायची. त्यामुळे हा विषय पुस्तकातल्यासारखा न सांगता, साइटवर जसा दिसतो तसा सांगतो.

अलार्म म्हणजे भोंगा नव्हे

अलार्म म्हटलं की लोकांना भोंगा आठवतो. पूर्वी ते खरंही होतं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रॅकच्या टोकाला रंगीत दिवे असत आणि सोबत बझर. त्या काळचा एक प्रकार मला अजूनही फार आवडतो, तो म्हणजे अलार्म फ्यूज. हा फ्यूज उडाला की आतली दाबलेली स्प्रिंग सुटते. तिच्या टोकाचा रंगीत ठिपका बाहेर डोकावतो आणि तीच स्प्रिंग शेजारच्या अलार्मच्या पट्टीला टेकते. म्हणजे ज्याच्यात बिघाड झाला तोच स्वतः घंटी वाजवतो आणि 'मीच तो' म्हणून झेंडाही दाखवतो. सॉफ्टवेअर नाही, सेन्सर नाही, काही नाही. टेलिकॉमच्या पॉवर पॅनेलमध्ये असे फ्यूज आजही वापरात आहेत.

आता साइटवर माणूसच नसतो, त्यामुळे भोंगा वाजवून ऐकणार कोण? १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी एसी न लागणारं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. तेव्हापासून खेड्यातली टेलिकॉम उपकरणं एकेकटी राहायला लागली, आणि माणूस नसलेल्या खोलीतली बातमी दूर पोचवणं हे वेगळं कामच होऊन बसलं. आज ही बातमी नेटवर्क ऑपरेशन सेंटरला जाते. आम्ही त्याला नुसतं 'नॉक' म्हणतो. ते शेकडो किलोमीटरवरच्या शहरात असतं. झरी-जामणीतल्या टॉवरचं दार उघडलं की तिथल्या स्क्रीनवर ओळ उमटते, आणि मग तिथला माणूस आपल्या माणसाला फोन करतो.

दोन तारा आणि एक साधी युक्ती

टॉवरच्या खाली जे कॅबिनेट असतं त्यात रेडिओची उपकरणं, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारं युनिट, आणि बॅटऱ्या असतात. शेजारी असेल तर डिझेल जनरेटर. यातली रेडिओची उपकरणं हुशार असतात, स्वतःचा बिघाड स्वतःच कळवतात. पण दार, डिझेलची टाकी, धूर ओळखणारा सेन्सर, टॉवरच्या शेंड्यावरचा दिवा, या गोष्टींना बोलता येत नाही. त्यांच्यासाठी ड्राय कॉन्टॅक्ट वापरतात.

ड्राय कॉन्टॅक्ट म्हणजे स्वतःची वीज नसलेला एक साधा स्विच. त्याच्या दोन तारा क्रोनच्या पट्टीवर येतात आणि तिथून बेस स्टेशनच्या 'एक्स्टर्नल अलार्म' पोर्टला जातात. बेस स्टेशन एवढंच बघतं की सर्किट जोडलेलं आहे की तुटलेलं. कोणत्या क्रमांकाच्या जोडीचा अर्थ काय, हे आपण सेटिंगमध्ये लिहून ठेवायचं: पहिली जोडी दार, दुसरी ईबी फेल (टॉवरच्या भाषेत ईबी म्हणजे बाहेरून येणारी वीज), तिसरी बॅटरी लो, वगैरे.

युक्ती पुढे आहे. स्विच दोन तऱ्हेने लावता येतो. सगळं ठीक असताना सर्किट उघडं ठेवायचं आणि बिघाड झाला की जोडायचं, ही एक तऱ्हा. किंवा सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं ठेवायचं आणि बिघाड झाला की तोडायचं, ही दुसरी. कागदावर दोन्ही सारख्याच. आता विचार करा, उंदराने तार कुरतडली तर? पहिल्या तऱ्हेत सर्किट आधीच उघडं होतं, ते उघडंच राहणार. नॉकच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि इकडे डिझेल संपलं तरी कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या तऱ्हेत तार तुटली की लगेच अलार्म येतो. तो खोटा असेल, पण माणूस बघायला तरी जातो. म्हणून महत्त्वाचे अलार्म दुसऱ्या तऱ्हेने लावावेत, असं माझं ठाम मत आहे. सोय म्हणून किंवा सुट्या भागाच्या अडचणीमुळे उलटं लावलेल्या साइट मी खूप पाहिल्या. 'ही साइट कधीच अलार्म देत नाही' म्हणून कुणी तिचं कौतुक केलं, की मी आधी तिची क्रोन उघडून बघत असे.

गंभीर कोणता, किरकोळ कोणता

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं एक्स.७३३ हे मानक १९९२ चं आहे. अलार्ममध्ये कोणती माहिती असावी हे त्यात ठरवून दिलंय. अलार्मचे पाच प्रकार त्यात धरलेत: संपर्काचा, सेवेच्या दर्जाचा, प्रक्रियेतल्या चुकीचा, उपकरणाचा आणि परिसराचा. तीव्रतेच्या पायऱ्या क्रिटिकल, मेजर, मायनर आणि वॉर्निंग. शिवाय तीव्रता ठरवता येत नसेल तर इनडिटर्मिनेट, आणि बिघाड गेला की क्लिअर्ड.

शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवा. अलार्म 'अ‍ॅकनॉलेज' करणं म्हणजे 'बघितलं बाबा' असं सांगणं. अलार्म 'क्लिअर' होणं म्हणजे उपकरणाने स्वतः सांगणं की आता मी ठीक आहे. पहिलं माणूस करतो, दुसरं यंत्र. बझर बंद करायचं बटण दाबलं म्हणजे बिघाड दुरुस्त झाला असं नाही, हे नवीन पोरांना सांगावं लागतं.

तीव्रता मात्र कंपनी ठरवते, आणि इथे जिल्ह्याची जाण नसली की घोळ होतो. वीज गेल्याचा अलार्म मोठ्या शहरात मायनर धरला तर चालून जातं, अर्ध्या तासात वीज परत येते. घाटंजी किंवा मारेगावच्या आडवळणाच्या गावात, पावसाळ्यात लाईनवर झाड पडलं असेल, तर तीच ओळ पुढच्या सहा-आठ तासांची नोटीस असते.

४८ व्होल्ट: टॉवरचा श्वास

टेलिकॉमची जवळपास सगळी उपकरणं उणे ४८ व्होल्टवर चालतात. उणे म्हणजे बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडलेली असते. यामुळे ओलाव्यात तांब्याच्या तारा गंजत नाहीत, हे टेलिफोनच्या जमान्यातलं शहाणपण. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर २ व्होल्टचे २४ सेल एका ओळीत. वीज असताना प्रत्येक सेलला साधारण २.२५ व्होल्ट मिळतात, म्हणजे एकूण ५४. वीज गेली की हा आकडा खाली यायला लागतो.

आता अलार्म एकामागून एक कसे येतात बघा. आधी ईबी फेल. मग जनरेटर असेल आणि तो सुरू झाला तर 'डीजी ऑन', नाही झाला तर 'डीजी फेल टू स्टार्ट'. मग बॅटरीचं व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याखाली गेलं की 'बॅटरी लो'. आणि सेलमागे १.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकूण साधारण ४३ व्होल्टला, एसएमपीएस स्वतःच बॅटरी तोडतं. नाही तोडली तर बॅटरी कायमची खराब होते. बऱ्याच साइटवर हे तोडणं दोन टप्प्यांत होतं. आधी रेडिओ बंद करतात, पण पुढच्या टॉवरचा ट्रॅफिक वाहून नेणारं ट्रान्समिशन चालू ठेवतात. म्हणून कधीकधी तुमच्या गावची रेंज जाते, पण तुमच्याच टॉवरच्या जिवावर पलीकडची चार गावं बोलत असतात. लोकांना हा अन्याय वाटतो, पण हिशोब बरोबर आहे.

ईबी फेल ते बॅटरी लो यामधला वेळ हीच खरी कमाई असते. तेवढ्यात डिझेल घेऊन पोरगा पोचला तर गावाला काही कळतसुद्धा नाही.

आणि आता आपला यवतमाळी उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांना गृहीत धरलेलं असतं आणि दर १० अंश वाढीला ते जवळपास निम्मं होतं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे उन्हात तापलेल्या कॅबिनेटमधली बॅटरी कागदावर चार तासांची असली, तरी दोन उन्हाळे काढल्यावर तिला चार तासांची म्हणू नये. गंमत म्हणजे याचा वेगळा अलार्म जुन्या बॅटऱ्यांत नसतोच. तो आपल्याला काढावा लागतो: ईबी फेल आणि बॅटरी लो या दोन ओळींच्या वेळा काढायच्या आणि वजाबाकी करायची. गेल्या वर्षी तीन तास चाळीस मिनिटं, यंदा सव्वा तास, तर बॅटरी गेली. अलार्मच्या जुन्या नोंदी कुणी वाचत नाही, पण सगळ्यात जास्त माहिती तिथेच पडलेली असते. नव्या लिथियम बॅटऱ्यांत स्वतःची इलेक्ट्रॉनिक देखरेख असते, त्या तब्येत स्वतःच कळवतात.

तापमानाचाच एक किस्सा. पांढरकवड्याकडच्या एका साइटचा दार उघडल्याचा अलार्म एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी यायचा आणि संध्याकाळी आपोआप क्लिअर व्हायचा. नॉकवाल्यांना चोरीची शंका. जवळच्या शेतकऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "कोणी नाही येऊन राह्यलं भाऊ, कुत्रं बी नाही भुंकलं." जाऊन पाहिलं तर कॅबिनेटचं लोखंडी दार उन्हाने तापून किंचित फुगत होतं. दाराला चुंबक आणि चौकटीला चुंबकाने चालणारा छोटा स्विच असतो. दोघांमधलं अंतर दुपारी इतकं वाढायचं की स्विच सुटायचा. चुंबक थोडं सरकवून बसवलं, काम झालं. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या अलार्मला आम्ही 'फडफडणारा' म्हणतो. तो कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच धोक्याचाही, कारण आठवड्याभरात नॉकवाला तो दाबून टाकतो. मग खरोखर बॅटरी चोरायला कुणी आलं तरी स्क्रीन गप्प.

एक तार तुटते, शंभर ओरडतात

आता ट्रान्समिशन. समजा उमरखेडहून पुसद, दिग्रस, दारव्हा असं करत यवतमाळपर्यंत फायबर आहे. फायबरची जोडी असते, जायला एक आणि यायला एक. पुसदहून दिग्रसकडे जाणारा एकच तंतू तुटला असं धरा.

दिग्रसच्या उपकरणाला प्रकाश मिळेनासा होतो. ते 'लॉस ऑफ सिग्नल', म्हणजे एलओएस, दाखवतं. पण पुढे दारव्हा-यवतमाळकडे ते काय पाठवणार? काहीच नाही पाठवलं तर पुढच्यांनाही वाटेल की आपलीच तार तुटली, आणि चार ठिकाणी चार गाड्या निघतील. म्हणून दिग्रस पुढे एक ठरलेला संकेत पाठवतं, त्याचं नाव 'अलार्म इंडिकेशन सिग्नल', एआयएस. जुन्या २ मेगाबिटच्या ई-वन लाईनवर हा संकेत म्हणजे नुसते एक, एक, एक, एक. अर्थ असा: बिघाड माझ्या मागे आहे, तुम्ही स्वस्थ बसा. त्याच वेळी दिग्रस उलट दिशेने पुसदला सांगतं की तुझा आवाज मला येत नाही. त्याचं नाव 'रिमोट डिफेक्ट इंडिकेशन', आरडीआय. पुसदला स्वतःला दिग्रसचा प्रकाश व्यवस्थित मिळतोय, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय त्याला कळणारच नव्हतं.

म्हणून नियम सोपा: एलओएस जिथे, तिथून मागे बघायचं. एआयएस जिथे, तिथे गाडी पाठवायची नाही. जिथे आरडीआय, त्याची जाणारी वाट तपासायची. या तीन दिव्यांवरून बिघाड कोणत्या दोन गावांमध्ये आहे हे यवतमाळला बसून सांगता येतं. नेमकं कुठल्या किलोमीटरला, त्यासाठी मग ओटीडीआर लावायचा. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजतं.

रस्ते रुंदीकरणाच्या काळात तर हे रोजचंच झालं होतं. आपल्या जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि ४४ दोन्ही जातात, आणि फायबर बहुतेक रस्त्याच्या कडेनेच पुरलेला. जेसीबीचा एक घाव आणि नॉकच्या स्क्रीनवर शंभर-दीडशे ओळी. याला अलार्मचं वादळ म्हणतात. आता सॉफ्टवेअर या ओळींमधला संबंध जोडून मूळ कारण वर काढतं, पण साइटच्या जोडण्यांची नोंद जुनी असेल तर तेही गोंधळतं. खोदण्याआधी फायबरवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आणलं. गावातल्या कंत्राटदारांना ते माहीत करून देणं अजून बाकी आहे.

तुमच्या घरातला अलार्म

हे सगळं वाचून 'मला काय त्याचं' असं वाटत असेल, तर घरातल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या फायबर मोडेमकडे बघा. त्याचं खरं नाव ओएनटी. त्याच्यावर पीओएन आणि एलओएस असे दोन दिवे असतात. पीओएन स्थिर हिरवा आणि एलओएस बंद, तर सगळं ठीक. बहुतेक मॉडेलमध्ये एलओएस लाल लुकलुकला तर प्रकाशच येत नाही. पीओएन नुसता लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण पलीकडच्या यंत्राने अजून ओळख पटवून घेतलेली नाही. एलओएस लाल असताना मोडेम दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. टीव्हीच्या मागे फायबर करकचून गुंडाळला असेल तर तेवढा सैल करा. काच आहे ती, वाकडी केली की प्रकाश गळतो. कनेक्टर काढलाच तर टोकाला बोट लावू नका आणि डोळ्यांसमोर धरू नका.

तक्रार करताना 'नेट चालत नाही' असं म्हणू नका, 'एलओएस लाल आहे, पीओएन बंद आहे' असं सांगा. समोरचा माणूस राउटर रीस्टार्ट करायला सांगणारी अर्धी प्रश्नावली सोडून देतो.

या ओएनटीत एक फार सुंदर सोय असते, 'डाईंग गॅस्प', म्हणजे शेवटचा श्वास. वीज जाताच आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या एवढ्याशा विजेवर तो पलीकडे निरोप पाठवतो: माझी वीज गेली. आणि मग विझतो. त्यामुळे एक्स्चेंजमधल्या यंत्राला फरक कळतो. निरोप येऊन मोडेम गेला तर वीज गेली, निरोप न येता गेला तर फायबर तुटला. एका गावातले सगळे निरोप एकदम आले तर महावितरणला फोन, एकही निरोप न येता सगळे एकदम गेले तर फायबरच्या माणसाला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट नाव मिळालेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेते. तिथे हा फरक फार कामाचा आहे, कारण आपल्याकडे वीज आणि फायबर दोन्ही जातात, आणि दुरुस्त करणारी माणसं वेगवेगळी असतात.

कुणाला काय फरक पडतो

जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. अशा रात्री टॉवर म्हणजे फक्त इंटरनेट नसतं. १०८ ची गाडी, तहसील कार्यालय, तलाठी, सगळे त्याच एका खांबावर अवलंबून असतात. कोलाम पोडांवर तर एकाच कंपनीचा एकच टॉवर, आणि तो गेला की रेशन दुकानाचं मशीनसुद्धा थंड. बॅटरी लोची ओळ पाणी चढण्याआधी वाचली गेली की नंतर, यावर बरंच काही ठरतं. रस्ता बंद झाल्यावर ती वाचून उपयोग नसतो.

ग्राहकाच्या खिशाशीही याचा संबंध आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा दर्जा नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकांना मुदतवाढ द्यायची आहे. सेवा कधी गेली आणि कधी आली हे ठरवायला मिनिट-सेकंदांची नोंद उपकरणांच्या याच नोंदींत असते.

जाता जाता, नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न. रात्री टॉवरच्या शेंड्यावर लाल दिवा दिसतो तो कसला अलार्म? तो अलार्म नाही. विमानांना टॉवर दिसावा म्हणून तो असतो आणि रात्रभर पेटता असणं हेच त्याचं काम. तो विझला तर मात्र खाली कॅबिनेटमध्ये एक कॉन्टॅक्ट सुटतो आणि नॉकच्या स्क्रीनवर 'एव्हिएशन लॅम्प फेल' अशी ओळ येते. बदलायला वर चढणारा माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, ऊन चढायच्या आत.